तीन शिफ्टचा काढा

माझं तोंड फाटकं आहे, हे पहिलेच सांगून ठेवते. वैशाली नगरात आमच्या गल्लीत कोणालेही विचारा, मथुराबाईचा आवाज कितव्या घरापर्यंत जाते. भाजीवाल्याले माहीत, दूधवाल्याले माहीत, अन् आमच्या घरधन्याले तर छत्तीस वर्षांपासून माहीत. अशी बाई मी, अन् दोन महिने एका गोष्टीबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाई. त्याच्यापायी मरता मरता वाचली. ते कसं झालं ते सांगते.

मागच्या पावसाळ्यात माह्या डाव्या छातीत गाठ निघाली. रायपूरले ऑपरेशन झालं. मंग केमोच्या चार लाल सलाइनी झाल्या. त्या सलाइनीनं डोक्याचे केस गेले, भुवया गेल्या, जेवणाची चव गेली. दिवाळी झाल्यावर दुसरी दवा सुरू झाली. दर बुधवारी एक, अशा बारा. डॉक्टर हर्षा मॅडम म्हणे की ही दवा तुमाले चांगली लागू पडून राहिली, बाराच्या बारा पुऱ्या करायच्या, मधात सोडायची नाई. मॅडम वयानं आमच्या सुनेएवढ्या, बोलतात हिंदीत, पण कधी घाई करत नाईत. मले त्या बाईवर भरोसा होता.

आता घरचे लोक. आमचे हे, म्हणजे सुशीलचे बाबा. नाव देवराव. सांगायचं म्हणून घेतलं, एरवी घेत नाई. पोलादाच्या प्लांटमध्ये स्टील मेल्टिंग शॉपले चौतीस वर्षं काढली. तिथं वितळलेलं पोलाद एका मोठ्या भांड्यात घेतात, त्याले लॅडल म्हणतात. त्यात मँगनीज न् काय काय मापून टाकतात, तेव्हा रूळ बनवायले लायक पोलाद तयार होते. यांचं काम तेच, टाकायचं. अन् टाकलं की लगेच शीटवर लिवायचं, काय टाकलं, किती किलो, किती वाजता. रिटायर होईपर्यंत नव्या पोराईले एकच गोष्ट घोकून घेत होते. शिफ्ट बदलली की येणाऱ्याले कळलं पायजे, जाणाऱ्यानं काय टाकलं. नाई लिवलं, तर येणारा पुन्हा टाकन. घरीही तेच वळण. गॅसचं सिलिंडर कधी लावलं ते भिंतीवर लिवलेलं, माठ कधी धुतला ते कॅलेंडरवर. मी चिडवायची, म्हणलं मी तुमाले लगनात किती वाजता पाह्यलं तेही लिवून ठेवलं अशीन.

सून शिल्पा, बीएस्सी झालेली. पोरगा सुशील त्याच प्लांटच्या रेल मिलमध्ये, आठवड्याले शिफ्ट बदलते, त्याच्यामुळे दवाखान्याची सगळी धावपळ तिच्याच अंगावर. रायपूरपर्यंत गाडी तीच चालवते. अन् माही नणंद तारा, उतईले राहते. दर आयतवारी येते, डब्यात काही तरी घेऊन येते, अन् जाताना रडते. बस, इतलेच लोक. माह्या जिवाचे, अन् माह्या जिवावर उठलेलेही हेच.

पहिले सुरुवात केली सुशीलच्या बाबाईनं. आमच्या अंगणात कडुलिंब आहे, त्याच्यावर गुळवेल चढलेली. वेलाची काडी यांनीच तुमसरच्या घरून आणून लावली. पहिल्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी प्लांटचा सहाचा सायरन झाला अन् हे गिलास घेऊन पलंगापाशी उभे. हिरवा काळा काढा, कडू जहर. म्हणे, पिऊन घे, पण शिल्पाले सांगू नको, ती शिकलेली पोरगी, हसन आपल्याले. मी नाक दाबून पिऊन घेतला.

मंग डिसेंबर लागल्यावर शिल्पा. दुपारचं जेवण झालं की माह्या हातावर दोन कॅप्सूल. हळदीचा अर्क अन् त्यात मिऱ्याचा अर्क. मोबाइलवर तिनं म्हणे खूप वाचलं होतं, कॅन्सरच्या दवाईसोबत घेतलं तर दवाई दुप्पट काम करते. अन् कानाशी येऊन म्हणे, "आई, पापाजीले मत बताना, ते मोबाइलच्या गोष्टीवर चिडतात." मी तेही गिळलं.

अन् पंधरा दिवसांनी तारा. उतईच्या कोण्या वैद्याकडून चूर्ण घेऊन आली. अश्वगंधा आहे म्हणे, बाकी काय आहे ते वैद्य सांगत नाई. रोज दिवेलागणीले एक चमचा, कोमट पाण्यात. दादाले नको सांगू वहिनी, सुनेले तर बिलकुलच नको सांगू, असं म्हणून माह्या हातात हात घेऊन बसली. मी हो म्हणलं अन् पुडी लपवून ठेवली, रोजचा चमचा माह्याच हातानं.

अशी आमच्या घरात तीन शिफ्ट चालू झाली. सकाळची ए शिफ्ट नवऱ्याची, दुपारची बी शिफ्ट सुनेची, संध्याकाळची सी शिफ्ट नणंदेची. एकाले दुसऱ्याचा पत्ता नाई. माही गत म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर.

तुमी म्हणसान, मथुराबाई, तुह्या तोंडाले काय झालं होतं? तू कावून पेत होतीस? खरं सांगते. मी भेली होती. दिवसा गल्लीत आवाज करणारी बाई, पण आंघोळीच्या वेळी छातीवरची ती टाक्याची रेघ पाह्यली की मी डोळे मिटून घेत होती. मले जगायचं होतं. ज्यानं जे आणलं ते पिऊन टाकलं. अन् तिघांचेही चेहरे असे होते की नाई म्हणायची हिंमतच झाली नाई. गिलास रिकामा केला की त्याईच्या तोंडावर जे समाधान दिसे, ते मोडवत नव्हतं.

दवाखान्यात मॅडमनं एकदा नाई, तीनदा विचारलं होतं की दुसरी कोणती दवाई चालू आहे का. मी, हे अन् शिल्पा, आमी तिघंही एका सुरात नाई म्हणत होतो. आमच्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं. दवाई म्हणजे जी दवाखान्यात भेटते ती. अंगणातल्या वेलीले अन् घरातल्या हळदीले कोण दवाई म्हणते? आमच्याकडे तर लेकरू जन्मलं की हळद, पडलं की हळद, लगन लागलं की हळद.

जानेवारीच्या पहिल्या बुधवारी आठव्या सलाइनीसाठी गेलो. आधी रक्त तपासतात. रिपोर्ट पाहून मॅडमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लिव्हरचा एक आकडा असते, चाळीसच्या आत पायजे. माहा निघाला चारशे बारा. डोळ्याची पापणी खाली ओढून पाह्यली तर पिवळी. सलाइन थांबवली. काविळीचे जंतू तपासले, ते निघाले नाईत. सोनोग्राफी केली, तर लिव्हर सुजलेलं दिसते, पण साफ कळत नाई म्हणे. शुक्रवारी सीटी स्कॅन करू. मॅडम आडपडद्यानं बोलत नाईत. म्हणाल्या की आजार लिव्हरमध्ये गेला का, ते पाहावं लागन. गेला नसन तरी हे लिव्हर असं राहिलं तर ही दवाई आपल्याले देता येणार नाई, अन् हीच दवाई तुमाले लागू पडून राहिली होती.

रायपूरहून निघालो. शिल्पाचे डोळे रस्त्यावर, यांचे खिडकीबाहेर. कुम्हारीचा टोल गेला, पॉवर हाऊसचा पूल गेला. मी माह्या हाताच्या नखांकडे पाहत बसली. नखंही पिवळी वाटून राहिली होती.

अन् मंग घरी काय झालं असन? तिघांनीही डोस वाढवला. गुरुवारी सकाळी सायरन झाला अन् सुशीलचे बाबा एका गिलासाच्या जागी दोन गिलास घेऊन आले. दुपारी शिल्पानं दोनच्या चार कॅप्सूल केल्या. ताराले फोनवर कळलं, ती दुपारची बस पकडून उतईहून धावत आली अन् संध्याकाळी मोठ्ठा चमचा भरून चूर्ण. हसावं का रडावं? मी सकाळचे दोन्ही गिलास पेली. दुपारच्या दोन गिळल्या, दोन उशीखाली ठेवल्या. संध्याकाळचं चूर्ण तारा तिकडे वळल्यावर मोरीत ओतलं.

कारण दुपारी पडल्या पडल्या माह्या डोक्यात एक गोष्ट आली होती. हे सगळं लिव्हर खराब होणं, ते आजारानं नसून या काढ्यानं असन तर? तसं असन तर मी जगली. काढा सोडला की लिव्हर सुधरन, सलाइन पुन्हा सुरू होईन. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाले हात जोडले की देवा, माह्या नवऱ्याच्या हातूनच हे झालेलं असू दे.

मंग सांगितलं कावून नाई? दोन कारणं. एक म्हणजे हा माणूस. हा मनाले लावून घेणारा. मीच हिले जहर पाजलं, हे त्याले कळलं तर तो उभ्या उभ्या वाळन. आपलेच दात न् आपलेच ओठ, कोणाले बोलू? अन् दुसरं कारण माह्या भ्येवाचं. नाई विचारलं तोपर्यंत आशा आहे. विचारलं, अन् मॅडम म्हणाल्या की नाई हो, काढ्यानं असं होत नाई, तर मंग राहिलं काय? मंग ते आतमध्ये गेलेलंच. म्हणून मी गप बसली. शुक्रवारी स्कॅनच्या मशीनमध्ये गेली तेव्हाही गप होती.

स्कॅनचा रिपोर्ट दुपारी चारले भेटणार होता. दोनच्या सुमाराले मॅडमनं आमाले आत बोलावलं. मी, सुशीलचे बाबा, शिल्पा, अन् ऐकत नाई म्हणून संगं आलेली तारा. मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट येईपर्यंत माहं एक काम करा. दवाई घेता का असं मी विचारत नाई. सकाळी डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत या बाईच्या पोटात काय काय जाते, ते गिलासा-गिलासानं सांगा. चहासुद्धा सोडू नका.

मी खाली मान घातली. शिल्पानं ओढणीचं टोक बोटाले गुंडाळलं. तारानं पदर तोंडाले लावला. 

अन् सुशीलचे बाबा उठले. आपल्या कापडी थैलीतून त्यांनी एक रजिस्टर काढलं. लाल पाठीचं, जाड पुठ्ठ्याचं. मी ते कधी पाह्यलंही नव्हतं. मॅडमच्या टेबलावर ठेवलं, दोन्ही हातानं सरळ केलं. 

"मॅडम, मी टाकलं होतं," ते हिंदीत म्हणाले. "पहिल्या दिवसापासून लिवलेलं आहे. चूक असन तर माही आहे, हिची नाई."

मले वाटलं, धरती फाटावी. ज्या माणसाले मी वाचवून राहिली होती, तो रजिस्टर घेऊन मले वाचवायले आला होता.

मॅडमनं पान उघडलं. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख. वेळ. गुळवेल किती ग्राम. पाणी किती, आटवून किती. पुढं ताप, भूक, झोप, पोट साफ झालं का. एकही दिवस सुटला नव्हता. मॅडम पानं पलटत गेल्या. म्हणाल्या की सहा वर्षं झाली मले हे काम करून, असं रजिस्टर कोण्या पेशंटनं आणलं नाई. मंग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. तिथं नुसते आकडे होते. सात. सहा. आठ. सात. मॅडमनं विचारलं, हे काय आहे.

सुशीलच्या बाबाईनं माह्याकडे पाह्यलं, मंग जमिनीकडे. म्हणे, ते दिवसातून ही किती वेळा रागावली, ते आहे.

 हे आपले समजावून सांगून राहिले होते, नवीन पोराईले सांगत असतील तसं. म्हणे मॅडम, ताप मोजायले थर्मामीटर आहे, पण हिची तब्येत खरी कशी आहे हे मले तिच्या आवाजावरून कळते. ही सात-आठ वेळा ओरडली की समजायचं, बरी आहे. कमी झालं की मले भ्येव वाटते.

मॅडम हसल्या नाईत. त्यांनी पेन घेतला अन् त्या रकान्यावरून खाली खाली आल्या. सात, आठ, सहा, सात. वीस डिसेंबरले चार. एकवीसले तीन. पंचविसाले एक. त्याच्यापुढे नुसते शून्य, अन् प्रत्येक शून्याभोवती लाल गोल केलेला. मॅडम म्हणाल्या, लिव्हरचा त्रास रक्तात आता दिसला, पण अंगात कधी सुरू झाला ते इथं लिवलेलं आहे. थकवा वीस तारखेपासून. गुळवेल तर नोव्हेंबरपासून चालू होती. मंग वीस तारखेच्या आधी नवीन काय सुरू झालं?

हे म्हणाले, नवीन काही नाई, मी वजन बदलवलंच नाई. पान पुन्हा पुन्हा पाहू लागले, आपल्याकडून एखादी ओळ सुटली का म्हणून. तो माणूस आपल्या रजिस्टरात चूक शोधून राहिला होता, जी त्याची नव्हतीच. मले ते पाहवलं नाई. मी खुर्चीवरून उठली, मॅडमच्या हातातला पेन घेतला, अन् रजिस्टर माह्याकडे ओढलं.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणलं. "बाकीच्या दोन शिफ्टईनं लिवलं नाई."

अन् मी लिवलं. मले सहावीपर्यंतच शाळा, अक्षर कोंबडीच्या पायाचं. एक डिसेंबरपासून दुपारी हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल, दोन. पंधरा डिसेंबरपासून संध्याकाळी चूर्ण, एक चमचा. माहं लिवून व्हायच्या आत शिल्पानं रडत रडत मोबाइल काढून कॅप्सूलच्या डब्बीचा फोटो मॅडमपुढं धरला. तारानं कमरेचा बटवा सोडला अन् चूर्णाची पुडी टेबलावर ठेवली. तीही रडत होती. मी एकटीच कोरडी होती. मले कितीतरी दिवसांनी मोकळं वाटून राहिलं होतं.

सुशीलचे बाबा माह्या अक्षराकडे पाहत राहिले. एका लॅडलमध्ये तीन शिफ्टनं टाकलं, ते हळूच म्हणाले, अन् शीट एकाचीच.

मॅडमनं मंग समजावून सांगितलं. कोणालेही रागावल्या नाईत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, यातल्या तिन्ही गोष्टींनी काही काही लोकांचं लिव्हर सुजते, हे डॉक्टरांनी पाह्यलेलं आहे. कोणत्या एकीनं झालं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाई, कदाचित तिन्हींनी मिळून. मिऱ्याचा अर्क तर दुसऱ्या दवाईले शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाई, म्हणजे मी मापून दिलेली सलाइनही आतमध्ये जास्तीची झाली असू शकते. आजपासून सगळं बंद. पण हे काढ्यानं झालं असं मी स्कॅन पाहिल्याशिवाय म्हणणार नाई.

चार वाजेपर्यंत आमी बाहेर बाकावर बसलो. चौघंही एका रांगेत. तारा मनातल्या मनात काही तरी जपून राहिली होती. सुशीलच्या बाबाईनं रजिस्टर मांडीवर ठेवलं होतं अन् त्याच्यावर दोन्ही हात. मी त्याईचा एक हात ओढून माह्या हातात घेतला. छत्तीस वर्षांत चारचौघांत कधी घेतला नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी मॅडम स्वतः बाहेर आल्या. रिपोर्ट हातात. लिव्हर सुजलेलं आहे, पण साफ आहे. कुठंच डाग नाई. आजार तिथं गेला नाई.

माहा जीव भांड्यात पडला, असं आपण सहज म्हणतो ना. त्या दिवशी मले खरंच आतमध्ये काही तरी खाली बसल्यासारखं वाटलं. मी पुन्हा बाकावर बसली. अन् दोन महिने न रडलेली मी अशी रडली की सिस्टर पाणी घेऊन आली.

सुशीलच्या बाबाईनं मॅडमले एकच विचारलं. म्हणे, मॅडम, म्हणजे झाडपाला गलतच असते काय? मॅडम म्हणाल्या, नाई काका. ही जी दवाई मी यांना दर बुधवारी देते, ती पहिले एका झाडाच्या सालीतूनच निघाली. यांचं तोंड असं उघडं राहिलं. झाडाची साल? हो, झाडाची साल. पण त्या सालीतून नेमकं काय काढायचं, किती द्यायचं, कोणाले द्यायचं, कशासोबत द्यायचं नाई, हे पाहायले लोकांची वर्षंच्या वर्षं गेली. हळदीवर, आणखी कशा कशावर आजही काम चालू आहे, कॅन्सरच्या दवाईसोबत जमते का ते पाहून राहिले. एखाद्या दिवशी जमलं, तर मीच लिवून देईन. तोपर्यंत मले विचारल्याशिवाय तुळशीचं पानही नाई. हे लगेच समजले. ट्रायल हीट, म्हणाले, म्हणजे पोलादाचा एक घाणा करून पाहायचा. नवीन ग्रेड असली की पहिले ट्रायल हीट घेतो आमी, सॅम्पल लॅबमध्ये जाते, मंगच टाकतो. मॅडम म्हणाल्या, बस, तेच.

मंग चार आठवडे नुसतं वाट पाहणं. दर बुधवारी रक्त. चारशे बाराचे दोनशे साठ झाले, मंग एकशे दहा. घरात सगळ्यांचं असं झालं, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. शिल्पा वरणात हळद टाकायलेही भेत होती, मॅडमले फोन करून विचारलं तेव्हा कुठं टाकली. तारा आयतवारी येताना फक्त संत्री आणे, तीही फोन करून विचारून. सुशीलचे बाबा एका सकाळी विळा घेऊन कडुलिंबाखाली उभे दिसले. मी खिडकीतूनच म्हणलं, वेलाले हात लावायचा नाई, वेलानं कोणाचं काय बिघडवलं, आपणच न विचारता पेलो. त्यांनी विळा खाली ठेवला, अन् खिशातून पेन काढून हातावरच काही तरी लिवलं. मी तेव्हा लक्ष दिलं नाई.

चौथ्या बुधवारी आकडा आला अठ्ठावन. मॅडम म्हणाल्या, चला, आठवी सलाइन लावू. मी आजवर सलाइनच्या खुर्चीत इतक्या खुशीनं कधी बसली नव्हती. सुई टोचली तर सिस्टरले म्हणलं, बाई, कसं हळू हाताचं काम आहे तुहं. शिल्पा हसायले लागली.

संध्याकाळी बाहेर निघालो तर सुशीलच्या बाबाईचा पत्ता नाई. शिल्पा गाडी काढायले गेलेली, मी एकटी गेटपाशी. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मंग हे दिसले, रस्त्याच्या पलीकडून येऊन राहिले, हातात शहाळं, मफलर गळ्यातून खाली लोंबत, अन् पाठीमागून बस हॉर्न वाजवून राहिली. माह्या डोक्याची शीर उठली. गेटपाशीच मी सुरू झाली. म्हणलं, अक्कल आहे की प्लांटमध्येच ठेवून आले, चौसष्ट वर्षांचा माणूस रस्ता असा ओलांडते काय, इथं माह्या लिव्हरसाठी चार आठवडे जीव टांगणीले लावला अन् आता तुमाले बसखाली पाहू काय, अन् मले विचारल्याशिवाय शहाळं कावून आणलं, मॅडमले विचारलं होतं काय. वॉचमन पाहून राहिला. सलाइनवाले लोक पाहून राहिले. माहा आवाज त्या पोर्चमध्ये घुमून राहिला होता.

हे तिथंच उभे, शहाळं छातीशी धरून. अन् डोळ्यातून घळाघळा पाणी. रडत रडत हसून राहिले होते. मॅडमले विचारलं होतं, इतकंच म्हणाले. मंग शहाळं माह्या हातात दिलं, थैलीतून ते लाल रजिस्टर काढलं, गेटच्या खांबावर टेकवलं अन् पेनाचं टोपण दातानं काढलं.

मी जवळ जाऊन पाह्यलं. मागच्या चार आठवड्यांची पानं. गुळवेलाच्या रकान्यात रोज एक आडवी रेघ. अन् शेवटच्या रकान्यात लाल गोलातले शून्य हळूहळू मागं पडलेले. एक. दोन. दोन. चार. विळ्याच्या दिवशीही एक. आजच्या तारखेपुढं त्यांनी सहा लिवलं.

"सहा नाई," मी म्हणलं. "गाडीत बसेपर्यंत थांबा. अजून माहं झालं नाई."